डोंगराच्या कलानं

साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम टोकाला ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर आहेत. तिथल्या नीडल्स हायवेवर एक बोगदा लागतो. त्याची रुंदी ८ फूट आणि उंची ९ फूट ९ इंच. आमची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, साडेआठ फूट रुंद आणि छतावरच्या एसीसकट साडेअकरा फूट उंच. त्यामुळे या डोंगरांतला मुख्य दिवस आरव्ही तळावर ठेवूनच काढायचा, हे मिनिआपोलिसहून निघायच्या आधीच ठरलं होतं.

आरव्हीचा प्रवास म्हटला की भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, दिवसभर खिडकीतून देखावे बघत फिरायचं आणि वाटेल तिथे थांबायचं. प्रत्यक्षात आरव्ही एकदा तळावर लावली की ती हलवणं जिवावर येतं. जॅक टाकून गाडी समपातळीत आणायची (नाहीतर फ्रिज कुरकुरतो आणि कढईतलं तेल एका बाजूला जातं), खांबावरच्या डब्याला विजेची जाड केबल जोडायची, पाण्याची नळी लावायची, सांडपाण्याचा पाइप जमिनीतल्या तोंडात बसवायचा. दोन मैलांवरचा तलाव बघायला जायचं तर हे सगळं सोडवा आणि परत आल्यावर पुन्हा जोडा. म्हणून जाणती मंडळी आरव्हीच्या मागे एक छोटी गाडी बांधून नेतात. आरव्ही हे घर आणि मागची गाडी हे पाय.

त्या छोट्या गाडीत मावतील एवढेच आम्ही होतो. माझ्या नवऱ्याचा कॉलेजातला मित्र, ज्याची ही आरव्ही. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य पुलांच्या कामात गेलं. त्यांची बायको, म्हणजे माझी मैत्रीण. मिरजेहून आलेल्या भावजींच्या आई, आमच्या सगळ्यांच्या काकू, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आणि आम्ही दोघं. मुक्काम कस्टर गावाजवळ. गाव ५,३०० फुटांवर असल्यामुळे सप्टेंबरातही पहाटे हात गारठतात. आरव्हीतल्या गॅसवर पोहे झाले, दुपारची थालीपिठं लावली, आणि ऊन डोंगरावर यायच्या आत आम्ही निघालो.

दिवसाचा मार्ग भावजींनी नकाशावर पेन्सिलीनं आखला होता. कस्टरहून उत्तरेला सिल्व्हन लेक, तिथून नीडल्स हायवेनं खाली, मग गवताळ भागातला वाइल्डलाइफ लूप, तो संपला की आयर्न माउंटन रोडनं माउंट रशमोर, आणि तिथून क्रेझी हॉर्सचं स्मारक पाहून पुन्हा कस्टर. हे वर्तुळ याच दिशेनं करायला हवं. उलट गेलात तर आयर्न माउंटन रोडची सगळी गंमत तुमच्या पाठीमागे राहते. कस्टर स्टेट पार्कात शिरताना गाडीचा परवाना घ्यावा लागतो. तो सात दिवस चालतो.

सिल्व्हन लेक हा नैसर्गिक तलाव नाही. १८८१ मध्ये खडकांच्या फटीत बांध घालून तो तयार केला. पण बांध इतका खडकांत दडलाय की शोधल्याशिवाय दिसत नाही. पाण्याच्या काठापासून ग्रॅनाइटच्या गोलसर भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्यामधून पायवाट फिरते. पायवाटेवरची माती चमकत होती. काकू खाली वाकल्या, बोटांवर माती घेतली आणि म्हणाल्या, "अभ्रक आहे गं हे! वर्गात दाखवायला मी पाकिटात ठेवायचे, तेच." त्यांनी पापुद्रे उन्हात धरून पाहिले आणि जिथले तिथे ठेवून दिले. हा ग्रॅनाइट सुमारे १७० कोटी वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. काकूंनी तिथेच माझ्या नवऱ्याला हे तोंडी गणित घातलं: पंचवीस सह्याद्री एकापाठोपाठ एक!

इथूनच ब्लॅक एल्क शिखराची वाट सुरू होते. उंची ७,२४२ फूट, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. २०१६ पर्यंत त्याचं नाव हार्नी पीक होतं. जनरल विल्यम हार्नीच्या फौजेनं १८५५ मध्ये नेब्रास्कात लकोटा या मूळनिवासी लोकांच्या एका तळावर हल्ला केला. त्यात बायका-मुलंही मारली गेली. लकोटांच्या पवित्र डोंगराला त्याच माणसाचं नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ चिकटलं होतं. आता ते लकोटा साधुपुरुष ब्लॅक एल्कच्या नावानं ओळखलं जातं. शिखरावर जाऊन यायला चार-पाच तास लागतात, तेवढा वेळ आमच्याजवळ नव्हता. खालून शिखर पाहिलं आणि नीडल्स हायवेला लागलो.

हा रस्ता समजायचा तर पीटर नॉर्बेक हा माणूस समजायला हवा. तो मूळचा विहिरी खोदणारा. पुढे १९१७ ते १९२१ साउथ डकोटाचा गव्हर्नर आणि नंतर १९३६ साली मरेपर्यंत सिनेटर. कस्टर स्टेट पार्क १९१९ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत झालं. नीडल्स, म्हणजे सुयांसारख्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून रस्ता न्यायचा हे त्याच्या मनानं घेतलं, तेव्हा जाणकारांनी हे होणार नाही असं सांगितलं. नॉर्बेक स्वतः घोड्यावरून आणि जिथे घोडा जाईना तिथे पायी फिरला आणि मार्ग त्यानं स्वतः ठरवला. सांगतात की त्यानं इंजिनिअर स्कोव्हेल जॉन्सनला विचारलं, इथून रस्ता होईल का? जॉन्सनचं उत्तर होतं, पुरेसा डायनामाइट दिलात तर होईल. १४ मैलांचा हा रस्ता १९२२ मध्ये पुरा झाला.

आपल्याला सवय असते ती अशी की रस्ता हा दोन गावांमधला. तो जितका सरळ तितका चांगला. नीडल्स हायवे कुठल्याच गावाला जायची घाई करत नाही. एखादा सुळका समोरून छान दिसतो म्हणून तो सुळक्याकडे तोंड करून चढतो, मग त्याला वळसा घालून त्याची दुसरी बाजू दाखवतो. जुनं पाइनचं झाड मध्ये आलं तर बाजूनं निघून जातो. या रस्त्यावर ताशी वीस मैलांपेक्षा जास्त वेगानं जाऊ नये, असं नॉर्बेकचं मत होतं. वळणंच अशी आहेत की जाताही येत नाही. भावजी सकाळपासून पहिल्यांदा गप्प झाले होते. एका वळणावर गाडी थांबवून म्हणाले, "याची आखणी कागदावर झालेली नाही. उभं राहून, बघून झालेली आहे."

सुळके कसे झाले, हे काकूंनी सांगितलं. जमिनीखाली थंड झालेल्या ग्रॅनाइटला उभ्या चिरा पडल्या. वरचे थर झिजून तो उघडा पडल्यावर पाणी त्या चिरांमध्ये शिरलं, गोठलं, वितळलं आणि चिरा रुंदावत गेल्या. मधला कमजोर दगड वाहून गेला. कणखर होता तो उभा राहिला. एका सुळक्यात तर आरपार लांबट फट आहे. तिलाच 'नीडल्स आय' म्हणतात, आणि शेजारच्या बोगद्यालाही तेच नाव आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा बोगद्यापलीकडून एक पिकअप येत होती. चालकानं दोन्ही आरसे आत घेतले, काचेतून डोकं बाहेर काढलं आणि इंचाइंचानं पुढे आला. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, लोक उतरून बघत उभे. तो बाहेर पडला तेव्हा अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग आमची पाळी. छोट्या गाडीला अडचण नव्हती, तरी दोन्हीकडचा दगड खिडकीतून हात लावण्याइतका जवळ होता. डायनामाइटनं फोडलेल्या भोकांच्या खुणा त्यावर अजून स्पष्ट आहेत. वरच्या सुळक्यांवर दोराला लटकलेले गिर्यारोहक हळूहळू सरकत होते.

लीजन लेकपर्यंत उतरलं की झाडी विरळ होते आणि गवत सुरू होतं. ब्लू बेलजवळून वाइल्डलाइफ लूप फुटतो. हा १८ मैलांचा. सुरुवातीलाच गाढवं रस्त्यात उभी राहून खिडकीत तोंड घालतात. एके काळी पर्यटकांना ब्लॅक एल्क शिखरावर घेऊन जायला गाढवं ठेवली होती. ते काम बंद झाल्यावर ती मोकळी सोडली, आणि ही त्यांची पिल्लावळ. पुढे उघड्या माळावर प्रेअरी डॉगची वसाहत लागली. ही खारीच्या कुळातली जनावरं, बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभी राहतात. एकानं हाक दिली की सगळा माळ क्षणात रिकामा. लांबवर प्रॉन्गहॉर्न चरत होते, उत्तर अमेरिकेतला सर्वांत वेगवान प्राणी. ते फक्त मान वर करून बघत राहिले. त्यांना आमच्यासाठी धावायची गरज वाटली नाही.

बायसन मात्र रस्त्यातच भेटले. अख्खा कळप डांबरावर आलेला. गाड्या दोन्हीकडे थांबल्या. इथली माणसं त्यांना बफेलोच म्हणतात. दाजीपूरला गवा पाहिलेल्या माणसालाही या जनावराचं डोकं आणि खांदे पाहून धडकी भरते. मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि ताशी ५५ किलोमीटरनं पळू शकतो. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. थालीपिठं आम्ही गाडीतच खाल्ली. एक मादी इतक्या जवळून गेली की तिच्या श्वासानं मागची काच धुरकट झाली. तिच्या मागे यंदाचं वासरू होतं. जन्मताना ही वासरं तांबूस असतात. या वासराचा रंग आता काळपट व्हायला लागला होता.

उत्तर अमेरिकेत एके काळी बायसनची संख्या कोट्यवधींत होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती हजाराच्या आसपास आली. कातड्यासाठी, शिकारीच्या हौसेसाठी आणि लकोटांसारख्या लोकांचं अन्न तोडण्यासाठी त्यांना मारलं गेलं. कस्टरचा हा कळप १९१४ मध्ये एका खासगी रँचवरून विकत आणलेल्या ३६ जनावरांपासून वाढला. आज तो हजाराच्या वर आहे. गवत किती जनावरांना पुरेल याचा दरवर्षी हिशोब होतो. सप्टेंबरच्या शेवटी घोडेस्वार सगळा कळप हाकून गोठ्यांत आणतात, वासरांना लस देतात आणि जास्तीची जनावरं विकतात. तो दिवस बघायला हजारो लोक येतात. आम्ही त्या गर्दीच्या आधी आलो होतो, आणि मला तेच बरं वाटलं. रस्ता मोकळा व्हायला बराच वेळ गेला, पण आमच्यापैकी कुणालाही घाई नव्हती.

लूप संपतो तिथे स्टेट गेम लॉज आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष कॅल्विन कूलिज इथे राहायला आले होते. थोडं पुढे आयर्न माउंटन रोड सुरू होतो, आणि या दिवसातलं मला सर्वांत आवडलेलं काम इथे आहे.

हाही रस्ता नॉर्बेकचाच. १९३३ च्या सुमारास तो तयार झाला, तेव्हा रशमोरच्या डोंगरावर अध्यक्षांचे चेहरे कोरण्यासाठी सुरुंग फुटत होते. सतरा मैलांत तीनशेहून जास्त वळणं आहेत. अडचण ही होती की डोंगराच्या एका बाजूला दरी अरुंद आणि उतार तीव्र. साधी नागमोडी वळणं घ्यायची तर पुष्कळ कातळ फोडावा लागला असता आणि डोंगराच्या अंगावर पांढरे ओरखडे उठले असते. स्टेट गेम लॉजच्या बांधकामाचं काम पाहिलेल्या सी. सी. गिडियननं उत्तर काढलं ते पिगटेल पुलांचं. रस्ता पूर्ण गोल फिरतो आणि त्याच पुलाखालून बाहेर पडतो. अगदी थोड्या जागेत बरीच उंची कापली जाते. पूल लाकडाचे, जवळच्या जंगलातल्या खोडांचे.

भावजींनी गाडी बाजूला लावली. आम्ही पुलाखाली उभे राहिलो. जाड खांब, आडवे-तिरपे बांध, लोखंडी बोल्ट. ते प्रत्येक सांधा बघत होते. मग म्हणाले, "बोरघाटात रेल्वे चढवताना हाच प्रश्न होता बघ. जागा नाही आणि उंची तर गाठायचीय. १८६३ मध्ये त्यांनी रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका तोंडानं यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेनं पुढे चढायची. यानं तेच काम थांबल्याशिवाय केलंय." स्टील वापरलं असतं तर काम लवकर झालं असतं, असंही ते म्हणाले, "पण मग इथं येऊन कुणी वर बघितलं नसतं."

आणि बोगदे. स्कोव्हेल जॉन्सन, सी. सी. गिडियन, डोन रॉबिन्सन अशी तिघांची नावं तीन बोगद्यांना दिली आहेत. एकाच गाडीपुरते अरुंद. शिरताना हॉर्न द्यायचा, पलीकडून कुणी येत नाही ना बघायचं आणि दिवे लावून आत जायचं. आत अंधार असतो. समोर बोगद्याच्या तोंडाच्या चौकटीत, मैलोगणती जंगलाच्या पलीकडे, अध्यक्षांचे चार पांढरे चेहरे दिसतात. बोगद्यांच्या दिशा मुद्दाम तशा साधल्या आहेत. दक्षिणेकडून आलात तरच हे दिसतं, म्हणून सकाळी ती दिशा धरली. माझी मैत्रीण पहिल्या बोगद्यात "अगं, थांबा, थांबा!" म्हणून ओरडली, पण मागे गाडी होती. पुढच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर कडेला जागा मिळाली. आम्ही पायी मागे जाऊन पाहिलं. मैलांच्या अंतरावरून ते चेहरे लहान दिसतात, डोंगराचाच एक भाग वाटतात. मला ते तसेच जास्त आवडले.

माउंट रशमोरला वाहनतळाचे पैसे द्यावे लागतात. आत जायला वेगळं तिकीट नाही. दोन्ही बाजूंनी राज्यांचे झेंडे आणि समोर डोंगर. शिल्पाची कल्पना डोन रॉबिन्सन या राज्याच्या इतिहासकाराची, १९२३ मधली. त्याला नीडल्सच्या सुळक्यांवर पश्चिमेतल्या नायकांचे पुतळे कोरून हवे होते. त्यात रेड क्लाउडसारखे लकोटा पुढारीही होते. शिल्पकार गट्झन बोर्गलमनं सुळके नाकारले, कारण ते फार बारीक आणि चिरलेले. त्यानं रशमोर निवडला, कारण दगड पक्का आणि तोंड आग्नेयेला, म्हणजे दिवसाचा बराच वेळ ऊन. नायकही त्यानं बदलले: वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन, थिओडोर रूझवेल्ट. सकाळचे ते सुळके जसे होते तसे राहिले, याबद्दल मी बोर्गलमची मनापासून आभारी आहे.

१९२७ ते १९४१ असं काम चाललं, सुमारे चारशे कामगार. नव्वद टक्के दगड डायनामाइटनं काढला. राडारोडा सुमारे साडेचार लाख टन. तो अजून चेहऱ्यांखाली उतारावर पडलेला आहे. आधी कार्यशाळेत एक इंचाला एक फूट या मापाची मूर्ती बनवली. मूर्तीच्या डोक्यावर एक फिरती पट्टी आणि ओळंबा लावून प्रत्येक बिंदूचं माप घ्यायचं, ते बारा पटीनं डोंगरावर उतरवायचं. शेवटचे काही इंच राहिले की जवळजवळ भोकं पाडून मधला दगड छिन्नीनं उडवायचा. डोळ्यांत बोर्गलमनं एक युक्ती केली. बुबुळाच्या खोबणीत दगडाचा एक दांडा तसाच ठेवला. त्यावर ऊन पडतं आणि दुरून डोळ्यात चमक असल्याचा भास होतो. एक चेहरा ६० फूट उंच. जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरायला घेतला होता. दगडाला चीर निघाली, म्हणून तो उडवून देऊन नव्या जागी सुरुवात केली. एवढ्या उंचीवर एवढे सुरुंग फुटले आणि काम चालू असताना एकही कामगार दगावला नाही. ही गोष्ट मला चेहऱ्यांइतकीच मोठी वाटते.

बोर्गलम मार्च १९४१ मध्ये गेला. त्याच्या मुलानं, लिंकन बोर्गलमनं, काम आवरतं घेतलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी ते थांबलं. मूळ आराखड्यात चौघेही कमरेपर्यंत होते. जेफरसननं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेल्या कृतीवरून केलेलं व्हॅनिला आइस्क्रीम तिथे मिळतं. ते खात आम्ही त्याच्याचकडे बघत बसलो.

बसल्या बसल्या काकूंनी विचारलं, "हा डोंगर आधी कुणाचा होता?" उत्तर लांब आहे, पण ते दिल्याशिवाय ही जागा पाहून झाली असं म्हणता येत नाही. १८६८ मध्ये फोर्ट लॅरमी इथे अमेरिकी सरकारनं लकोटांशी तह केला. त्यात ब्लॅक हिल्ससकट मोठा प्रदेश त्यांच्याच वापरासाठी राखून ठेवला. लकोटांसाठी हे डोंगर पवित्र. रशमोरच्या जागी असलेल्या कड्याला ते सहा आजोबांचा डोंगर म्हणत. १८७४ मध्ये अमेरिकी लष्करातला जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर हजारभर माणसं घेऊन इथे आला, आणि आमची आरव्ही ज्या गावाजवळ उभी होती तिथल्या फ्रेंच क्रीकमध्ये सोनं सापडलं. सोन्यामागोमाग खाणवाले आले. १८७६ मध्ये युद्ध झालं, कस्टर मारला गेला, आणि १८७७ मध्ये काँग्रेसनं कायदा करून हे डोंगर काढून घेतले. एका शतकानंतर, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं सांगितलं की या जमिनीची भरपाई देणं सरकारला बंधनकारक आहे. व्याजासकट ती रक्कम दहा कोटी डॉलर्सच्या वर होती. लकोटांनी ती घेतली नाही. जमीन विकायची नव्हतीच, मग पैसे कसले, हे त्यांचं म्हणणं. रक्कम सरकारी खात्यात वाढत राहिली आणि शंभर कोटी डॉलर्सच्या पुढे गेली. ही माणसं देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी काहींत राहतात.

काकूंनी आइस्क्रीमचा कप बाजूला ठेवला. "घेतले असते तर दावा संपला असता," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे त्यांचं."

मला त्या दिवशी जे वाटलं ते असं. बोर्गलमचं काम अफाट आहे, त्यातली कारागिरी मी मान्य करते. पण त्यानं डोंगराला माणसाच्या कलानं वागायला लावलं. काही मैल मागे गिडियननं रस्त्याला डोंगराच्या कलानं न्यायला शिकवलं होतं. दोन्हींत डायनामाइट होता, दोन्ही एकाच काळातली. आणि रशमोरसाठी सिनेटमधून पैसे मिळवून देणाराही नॉर्बेकच. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही इच्छा होत्या. त्याचे रस्तेही लकोटांच्याच जमिनीवर झाले, हेही विसरून चालणार नाही. तरी मला निवडायचं असेल तर मी पुलाखाली उभं राहणं निवडीन.

रशमोरहून पश्चिमेला आणि मग दक्षिणेला वळलं की कस्टरच्या वाटेवर क्रेझी हॉर्सचं स्मारक आहे. लकोटांचा हा लढवय्या १८७७ च्या सप्टेंबरात नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनमध्ये पहाऱ्यातल्या शिपायाच्या संगिनीनं मेला. त्याचा खात्रीचा एकही फोटो नाही. आमच्याही लोकांत थोर नायक झाले, हे गोऱ्यांना कळावं म्हणून लकोटा पुढारी हेन्री स्टँडिंग बेअर यांनी शिल्पकार कोरचाक झोल्कोव्हस्कीला पत्र लिहिलं. तो काही काळ रशमोरवरही काम करून गेलेला होता. पहिला सुरुंग ३ जून १९४८ ला उडाला. सरकारचे पैसे नकोत म्हणून झोल्कोव्हस्कीनं एक कोटी डॉलर्स नाकारले, आणि काम तिकिटांवर आणि देणग्यांवर चालत राहिलं. तो १९८२ मध्ये गेला. पत्नी रूथ यांनी काम पुढे चालवलं. चेहरा १९९८ मध्ये पुरा झाला: साडेसत्त्याऐंशी फूट, रशमोरच्या कुठल्याही चेहऱ्याहून मोठा. पुढे केलेला हात आणि घोड्याचं डोकं यांचं काम अजून चालू आहे.

रशमोरवर मला जे खटकलं ते इथेही आहेच: हाही डोंगर फोडलेला. कित्येक लकोटांनाच ते मान्य नाही. पवित्र जमिनीवर सुरुंग लावून सन्मान होत नाही, असं ते म्हणतात. दुसऱ्या बाजूला, संग्रहालयातली मण्यांची कामं आणि बायसनच्या कातड्यावर रंगवलेले वर्षावर्षांचे इतिहास पाहताना आमच्याभोवती लकोटा कुटुंबंही होती, आजीपासून नातवंडांपर्यंत. एका टेबलाशी एक लकोटा गृहस्थ साळूच्या काट्यांचं भरतकाम करत होते. माझी मैत्रीण आणि काकू त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. काटे कसे मऊ करतात, कसे रंगवतात, चपटे कसे करतात. त्यांनी विचारलं, उद्या कुठे? आम्ही सांगितलं, बॅडलँड्स, वाटेत वॉल गावातलं मोठं दुकान. ते म्हणाले, बॅडलँड्सला पाइन रिज या आमच्या राखीव भागावरूनही जाता येतं.

अंधार पडताना तळावर पोहोचलो. आरव्हीत दिवे लागले, खिचडी टाकली आणि भावजींनी नकाशा पुन्हा टेबलावर पसरला. वॉलचं दुकान खोडलं. नवी वाट अशी ठरली: कस्टरहून दक्षिणेला हॉट स्प्रिंग्ज, तिथून १८ नंबरच्या हायवेनं पाइन रिज, मग वूंडेड नी. २९ डिसेंबर १८९० ला तिथे अडीचशे ते तीनशे लकोटा मारले गेले, त्यांत बायका-मुलं पुष्कळ. मारणारी घोडदळाची सातवी रेजिमेंट ही कस्टरची जुनी पलटण. या वाटेवर बोगदे नाहीत, आरव्ही आरामात जाईल. काकूंना पहाटे लवकर उठवायचं ठरलं. डीझेल हॉट स्प्रिंग्जलाच पूर्ण भरून घ्यायचं, कारण पुढे पंप लांब लांब आहेत.